‘सांस्कृतिक प्रतिसादी अध्यापन’ हा रिफ्रेशर कोर्स घ्यावा का?

प्रमोशनच्या फायलीत एक रिफ्रेशर (प्राध्यापकांचा उजळणी कोर्स) कमी पडत होता, म्हणून हा कोर्स घेतला. कोणी विचारलं तर ‘विषयाची आवड’ वगैरे सांगायची आपल्यात पद्धत आहे, पण प्राध्यापकांसाठीच लिहितेय तर कशाला लपवू? त्या महिन्याच्या यादीत ऑनलाइन दोनच जमत होते. एक संशोधन पद्धतीचा, जो आपण सगळ्यांनी एकदा तरी सोसलेला असतो, आणि दुसरा हा, ‘उच्च शिक्षणातील सांस्कृतिक प्रतिसादी अध्यापन’, म्हणजे मुलांची भाषा, संस्कृती आणि अनुभव धरून शिकवणं. दोन आठवडे, रोज चार सत्रं, शेवटी एक चाचणी आणि एक पाठनियोजन. केंद्राचं नाव लिहीत नाही. समन्वयक बदलला की त्याच नावाचा कोर्स पार वेगळा होतो, त्यामुळे नाव कळून तुमचा फारसा फायदा नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, मूळची वर्ध्याची. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या माझ्या वर्गात भामरागडकडची माडिया मुलं आहेत, कोरची-कुरखेड्याकडची गोंड, हलबा, कंवर मुलं आहेत, सिरोंच्याहून आलेली, घरी तेलुगू बोलणारी काही आहेत, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींमधल्या मुली आहेत, आणि उरलेला बराचसा वर्ग घरी झाडीबोली बोलतो. पाठ्यपुस्तक एकच. तेव्हा फाईल नसती तरी या विषयाची गरज मला होतीच.

आपल्याकडे प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला मोठा इतिहास आहे. १९८७ पासून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं, मग त्यांचं एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर) झालं, २०२३ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचं मालवीय मिशन आलं. पाट्या बदलत गेल्या. मालवीय मिशनच्या आठ दिवसांच्या एनईपी (नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण) ओरिएंटेशनमध्ये जे आठ विषय असतात, त्यात ‘विद्यार्थी विविधता आणि समावेशक शिक्षण’ हा एक असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एखाद्या दिवसात उरकतात. त्याला कोणीतरी पूर्ण दोन आठवडे दिले, याचं श्रेय या कोर्सला पहिलं.

आता तक्रारी. हजेरीची लिंक चॅटमध्ये केव्हाही पडायची आणि पाच मिनिटांत बंद व्हायची. चुकली की सत्र गैरहजर. बॅचमध्ये आम्ही दुर्गम भागातले बरेच जण होतो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रेंजच काय, रस्तासुद्धा जातो, हे आयोजकांना माहीत असायचं कारण नाही, पण एकाने ते चॅटमध्ये लिहिल्यावर तरी कळायला हवं होतं. उत्तर आलं, ‘नियम सर्वांना समान आहेत.’ त्याच वेळी पडद्यावर स्लाइड होती ती ‘समानता आणि समन्याय यांतील फरक’ या मथळ्याची. तीच ती भिंतीपलीकडची मॅच आणि खोक्यांवर उभी केलेली तीन पोरं, सगळ्यांना सारखी खोकी नकोत, ज्याला जेवढी गरज तेवढी द्या, असं सांगणारी. कोणीतरी त्या चित्राखाली हसणारी इमोजी टाकली आणि लगेच डिलीट केली.

पहिल्या आठवड्यातलं संस्कृतीवरचं सत्र तर मी अर्धं म्यूट करूनच ऐकलं. वक्ते अनुभवी होते, बोलायला गोड होते, पण संस्कृती म्हणजे त्यांच्या मते पोशाख, खाणं, सण आणि नृत्य. ट्रॅडिशनल डेचे फोटो, पारंपरिक दागिन्यांतल्या आदिवासी मुली, भाकरी-ठेचा महोत्सव. ‘वर्गात महिन्यातून एकदा अशी गोष्ट केली की विद्यार्थ्यांना आपलेपणा वाटतो.’ चॅटमध्ये ‘नाइस सेशन सर’ची रांग. आमच्याकडे कॉलेजचं मूल्यांकन करायला नॅकची टीम येते तेव्हा मुलींना रेला नाचायला उभं करतात, हे मला आठवत होतं. त्यातली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती. कॉलेजात तिला एवढी मागणी नाचाच्या तालमीलाच असायची. तिला सूक्ष्म अर्थशास्त्रात मागणीचा वक्र कळला की नाही, हे बघायला कुठली टीम आली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या बाईंनी मात्र, कालच्या सत्राचं नाव न घेता, सगळं निस्तरलं. या विचाराचं मूळ अमेरिकेतलं. शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये तो मांडला तो कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षकांचे वर्ग बघून. मुलं नापास का होतात, हा प्रश्न तोवर भरपूर जणांनी विचारला होता. यांनी उलटा विचारला: जिथे ती चांगली शिकतात तिथे शिक्षक काय करतात? उत्तरात तीन गोष्टी होत्या. मुलं अभ्यासात खरोखर पुढे गेली पाहिजेत, त्यासाठी त्यांना आपली संस्कृती दारात काढून ठेवावी लागू नये, आणि समाजातल्या अन्यायाकडे बघण्याची नजर त्यांना मिळावी. अभ्यास पहिला, हे बाईंनी दोनदा सांगितलं. पुढे २०१४ मध्ये लॅडसन-बिलिंग्ज यांनी स्वतःच वैतागून लिहिलं की चार वेगळी पुस्तकं, एखादा सण आणि भिंतीवर रंगीबेरंगी चेहऱ्यांची चित्रं, एवढ्यावर लोकांनी आपली कल्पना आणून ठेवली आहे. काल आम्ही नेमकं तेच बघून आलो होतो. बाई तसं म्हणाल्या नाहीत. फक्त क्षणभर थांबल्या, आणि दीडशे माणसांच्या त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा एकही ‘नाइस’ आलं नाही.

यातलं बरंचसं काम शाळांमधलं आहे. कॉलेजचं उदाहरण म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या युरी ट्रीसमन यांचं काम घेतलं, आणि माझ्यापुरते कोर्सचे पैसे तिथे वसूल झाले. सत्तरच्या दशकात तिथल्या कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात नापास होत. का, असं प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरची परिस्थिती, घरून अभ्यासाला पाठबळ नाही. आपल्या स्टाफरूमचीच वाक्यं. ट्रीसमननी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेऊन, ते अभ्यास करतात कसा, हे त्यांच्या मागे मागे राहून पाहिलं. तयार उत्तरांतलं एकही टिकलं नाही. फरक निघाला तो भलत्याच ठिकाणी. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं सोडवत आणि मग एकत्र जेवता-खाता ती ताडून बघत, कोण कुठे अडलं, सर परीक्षेत काय विचारतील, सगळं बोलत. कृष्णवर्णीय मुलं मान मोडून अभ्यास करत, पण एकटी. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. अडलं तर आपण एकटेच अडलोय असं त्यांना वाटे.

यावर ट्रीसमननी ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ काढले नाहीत. त्यांनी गट केले आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. हुशारांचा उपक्रम म्हणूनच तो चालवला. निकाल पालटले. आपण मात्र जादा तासाला ‘रेमेडियल’ अशी पाटी लावतो, वेळापत्रकात तसं छापतो आणि मग म्हणतो, मुलं येत नाहीत.

या सत्रानंतर मी शनिवारचा एक तास गटांना दिला. ‘आदिवासी मुलं बोलतच नाहीत’ हे आमच्याकडचं नेहमीचं वाक्य. हात वर करा, उभं राहा, एकट्याने बोला, बरोबर बोला, असा आपला वर्गातला कायदा. तो बाजूला ठेवून मी म्हटलं, आधी आपसात बोला, कुठल्याही भाषेत, मग गटातल्या कोणीही सांगा. पहिली काही मिनिटं नुसती कुजबुज. माडियात, झाडीत, मध्येच छत्तीसगढीत. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, आणि त्याच्या मागे कारणही आलं. धानोऱ्याकडच्या मुलांना ही पद्धत नवी नाहीच. मेंढा (लेखा) त्याच तालुक्यात आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव, जिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते आणि गावाचा अभ्यासगट असतो. कोर्समध्ये मेंढा गावावर दोन स्लाइड होत्या. गावाची घोषणा वाचून दाखवली आणि पुढे गेले. एवढं हाताशी असताना! एखादा अख्खा तास त्यावर सहज झाला असता, आणि तिथल्या कोणा माणसाला बोलवायला विमानाचं तिकीटही लागलं नसतं.

पाठनियोजनासाठी मी ‘निर्देशांक’ हा घटक घेतला. पुस्तकात तांदूळ, गहू, तेल यांचे आधारवर्षाचे आणि चालू वर्षाचे भाव दिलेले असतात, मुलं सूत्र पाठ करतात. मी सांगितलं, आपापल्या गावाचा तेंदूपत्त्याचा दर आणा, गेल्या हंगामाचा आणि त्याच्या आधीचा. फळ्यावर रकाने आखले. कोणी शंभर पुड्यांची मजुरी आणली, कोणी ग्रामसभेला मिळालेली रॉयल्टी. कोरचीकडच्या एका मुलीचे मामा सीमेपलीकडे छत्तीसगडात राहतात. तिने तिकडचा आकडा आणला होता, पण खाली बसून म्हणाली, “मॅडम, हा त्या रकान्यात नका लिहू. आपला पुडा सत्तर पानांचा. मामाकडे गड्डी पन्नासची.”

मग वर्गच सुटला. दोन्हीकडे हजार पुड्यांचीच एक स्टँडर्ड बॅग, पण आपली सत्तर हजार पानांची आणि तिकडची पन्नास हजारांची. छत्तीसगड सरकारचा दर २०२४ पासून बॅगेला ५५०० रुपये, म्हणजे हजार पानांना ११०. आपल्या बॅगेच्या मापाने तोच दर ७७०० होतो. त्याच्याशी आपल्या गावाचा आकडा ताडायचा तर आधी आपली मजुरी आणि रॉयल्टी एकत्र धरायची का? रॉयल्टी तर काही महिन्यांनी येते, कधी कंत्राटदार अडकवून ठेवतो. आणि तिकडचा बोनस? “म्हणजे भाव नेमका कशाला म्हणायचं मॅडम?” हा प्रश्न एका पोराने विचारला, आणि निर्देशांकात तुलना करायची तर एकक आणि व्याख्या एकच हवी, हे मी सांगायच्या आधी फळ्यावर येऊन बसलं होतं. नंतर सूत्र दिलं तेव्हा ते त्यांना कशाला हवं होतं ते माहीत होतं.

हे सगळं नियोजनाच्या ठरलेल्या तक्त्यात भरून पाठवलं. तक्त्यात एक रकाना होता, ‘सांस्कृतिक घटक’. मी लिहिलं, ‘तेंदू हंगामाचा हिशोब’. परत आलं तेव्हा शेरा होता: ‘चांगला प्रयत्न. लोकगीत जोडता येईल का?’

तेंदूचंही खूळ करू नये, हे इथेच सांगते. अहेरीच्या एका मुलाच्या वडिलांचं मोबाईलचं दुकान आहे. तो म्हणाला, “मी आजवर एक पान तोडलं नाही, मॅडम.” त्याला मी रिचार्जचे तीन वर्षांचे भाव आणायला सांगितले, आणि डेटाचं एकक काय धरायचं यावर त्याचा गट तेवढाच भांडला. गोंड म्हणजे जंगल, बंगाली म्हणजे मासे असं एकदा ठरवून टाकलं की आपण पुन्हा पोशाखाच्या स्लाइडवरच आलो. मुलाला काय येतं ते त्याला विचारावं लागतं, आडनावावरून ओळखून चालत नाही. कोर्समध्ये हे टूसनच्या उदाहरणाने छान आलं होतं. अ‍ॅरिझोनातल्या त्या शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांच्या घरी पाठवलं ते उपदेश करायला नाही, शिकायला. या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार यांचं केवढं ज्ञान आहे, हे शिक्षकांनी लिहून आणलं आणि त्यावर धडे बेतले. आपल्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना स्वतंत्र क्रेडिट आहेत. हे काम तिथे अगदी चपखल बसतं. कोर्समध्ये त्याचा उल्लेखही नाही. भारतीय ज्ञानपरंपरेवर दोन सत्रं झाली, त्यात जंगलातल्या माणसांचं ज्ञान आलं नाही.

आणि जात. दोन आठवड्यांत हा शब्द आला तो बहुतेक ‘विविध सामाजिक घटक’ होऊनच. समन्यायाच्या सत्रात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) भेदभावाविरुद्धच्या २०१२ च्या नियमांचं नाव घेतलं, वाचले नाहीत. विद्यार्थ्याची जात-जमात वर्गात जाहीर करणं, त्याला ‘राखीव’ असं लेबल लावणं, हे त्या नियमांत भेदभावात मोडतं. तेव्हा मराठवाड्यातल्या एका सरांनी विचारलं, “मग शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचतात, त्याचं काय? ‘एससीवाले थांबा, फॉर्म राहिलेत’, हे दर वर्षी होतं.” समन्वयक म्हणाले, “हा विषय संवेदनशील आहे, आपण ऑफलाइन घेऊ.” ऑफलाइन असं या कोर्समध्ये काही नव्हतंच. २०१९ मध्ये मुंबईत शिकणारी आदिवासी डॉ. पायल तडवी जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांत आत्महत्या करून गेली, तेव्हा आपल्याच राज्यात किती बोललं गेलं होतं. शिकवण्याच्या पद्धतीत संस्कृती आणायची आणि वर्गातला अपमान बाहेर ठेवायचा, हे कसं जमायचं? पूर्ण कोर्समध्ये मला सर्वांत जास्त चीड आली ती इथे.

शेवटच्या चाचणीबद्दल फार लिहीत नाही. बहुपर्यायी, पूर्ण इंग्रजीत, कोणी कोणती संज्ञा कोणत्या वर्षी मांडली या छापाची. वर्गातला एखादा प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल’ असं विचारणारा एकही प्रश्न नव्हता. ज्यांना इंग्रजी जड जातं अशा आमच्यातल्या दोघांनी मराठीत मागितली, तर सिस्टिममध्ये सोय नाही म्हणाले. आमच्या विद्यापीठात बी.ए.चा विद्यार्थी पेपर मराठीत लिहू शकतो. त्याच्या प्राध्यापकाला ती मुभा नाही. मूल्यमापनावर सत्रच नव्हतं, हे त्याहून वाईट. गटात आणि आपल्या भाषेत विचार केलेल्या मुलाला अंतर्गत गुण कसे द्यायचे, तोंडी उत्तर धरायचं का, झाडीबोलीतलं वाक्य लाल शाईने खोडायचं का, हे प्रश्न आम्हाला रोज पडतात.

गुण द्यायचेच तर पाचपैकी तीन. त्यातले अडीच बाईंच्या त्या दोन सत्रांना, उरलेला अर्धा विषय निवडल्याबद्दल. वाचनसाहित्य चांगलं आहे, ड्राइव्हवर दिलेले मूळ लेख उतरवून घ्या, लिंक कोर्सनंतर लवकर बंद होते. रेकॉर्डिंग मिळत नाही. प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्यामुळे मुलाखतीची तारीख जवळ असेल तर याच्या भरवशावर राहू नका. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या लोकांनी ‘आमच्याकडे कुठे आदिवासी’ म्हणून सोडू नये. बर्कलीची गोष्ट तुमच्या वसतिगृहातल्या, लातूर-नंदुरबारहून आलेल्या मुलांना तशीच्या तशी लागू पडते.

नाव नोंदवायच्या आधी केंद्राला फोन करून सत्रनिहाय वेळापत्रक मागा. त्यात मूल्यमापन आणि जातिभेद यांवर एकेक सत्र असेल तर डोळे मिटून घ्या. ‘लोकसंस्कृती दर्शन’ असं काही दिसलं तर त्या दुपारी रजा टाका, पण हजेरीची लिंक सांभाळून.